गाठीची वायर

त्यांना सगळे ठिपकेवाले म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर रंगवलेलं होतं, पण पाटीपुढे झाडाची फांदी आली होती आणि फांदी छाटायचं काम ‘उद्या’वर होतं. ठिपकेवाल्यांची बरीच कामं उद्यावर असत. गिऱ्हाईक फोन करी, ते म्हणत, “उद्या येतो.” तो उद्या कोणत्या कॅलेंडरात सापडतो हे कुणाला कधी कळलं नाही. पण माणूस लाघवी, हात सोन्यासारखा, म्हणून लोक चडफडत का होईना वाट बघत.

घरोघरचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. दुरुस्ती झाली की दुसरा कुणी असता तर चहा पिऊन चालता झाला असता. ठिपकेवाले मात्र सीपीयूचा डबा भिंतीपासून ओढून त्याची पाठ घरातल्यांकडे करत आणि खिशातून नेलपॉलिशच्या बाटल्या काढत. मागच्या प्रत्येक भोकाशेजारी एक ठिपका आणि त्यात जाणाऱ्या केबलीच्या मुंडक्यावर त्याच रंगाचा दुसरा. पुढच्या वेळी साफसफाईत सगळं निघालं तरी घरच्या घरी जोडता यावं, एवढाच हेतू. नेलपॉलिश ते बांगड्यांच्या दुकानातून घेत. दुकानदारीण म्हणायची, “काय हो, काकूंची नखं किती आहेत?” ते हसून सोडून देत. काकूंच्या नखाला त्यांतला एक थेंबही कधी लागला नव्हता.

ठिपके देताना त्यांचं एक ठरलेलं व्याख्यान असे. “ही निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली, मॉनिटरची. स्क्रू पिळायचे, नाहीतर पडदा थोड्या वेळाने पिवळा दिसायला लागतो. ही इंटरनेटची, टक्‌ वाजली म्हणजे बसली. नाही वाजली तर नुसती टेकलीये, भाडेकरूसारखी. ही चपटी यूएसबी. ही पहिल्यांदा बसत नाही. उलटी करा, तरी बसत नाही. परत सुलटी करा, आता बसते. का, ते मला विचारू नका. एक लक्षात ठेवा, जबरदस्ती करायची नाही. जी जिथली असते ती तिथेच जाते.” मग हेडफोनच्या दोन गोल पिना बोटांत धरून ते सुरात म्हणत, “फक्त या दोघी सोडून. या कुठल्याही गोल भोकात जातात. यांना काही शिस्त नाही. म्हणून यांच्याकडे लक्ष. हिरव्यात ऐकायची, गुलाबीत बोलायची.”

गावभर हे व्याख्यान झालं. झालं नाही ते फक्त त्यांच्या घरात.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घरातला कॉम्प्युटर गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या सुट्या भागांतून उभा केलेला. केबली कुठल्या कुठल्या, एकीचा रंग दुसरीला नाही. हेडफोनच्या पिना मोडल्यावर त्यांनी भंगारातल्या दोन काळ्या पिना डाग देऊन बसवल्या होत्या. दोन्ही अगदी सारख्या. त्यांना ओळखायला अडचण नव्हती, बोलण्याच्या वायरीला त्यांनी एक गाठ मारून ठेवली होती. अंधारातसुद्धा बोटाला कळे. पण ती गाठ कशाची, हे घरात दुसऱ्या कुणाला सांगायची त्यांना गरज वाटली नाही. घरात दुसरं होतं तरी कोण, काकूच.

काकूंनी विचारलं नव्हतं असं नाही. “अहो, साऱ्या गावाला शिकवता, मला एकदा दाखवा की मागचं.”

“तुला कशाला? मी आहे ना.”

“तुम्ही असता कुठे?”

“उद्या दाखवतो,” ठिपकेवाले म्हणत आणि पिशवी उचलून जात.

काकूंना कॉम्प्युटरची तशी हौस नव्हती. पण त्यांचा एकुलता एक भाऊ परदेशात होता, आणि त्याच्याशी त्या वर्षानुवर्षं बोलल्या नव्हत्या. आई म्हातारपणी त्याच्याकडे गेली ती तिकडेच वारली. भावाने कळवलं तोवर सगळं आटोपलेलं होतं. आईचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही, म्हणून काकूंनी फोनवर एकच वाक्य म्हटलं होतं: “मला भाऊ नाही.” आणि फोन ठेवला होता. बोलणं एका क्षणाचं असतं, पण तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. त्यानंतर भाऊही आढ्यतेने गप्प, बहीणही मानाने गप्प. संबंध उरला होता तो फक्त भावाच्या मुलीचा. ती ठिपकेवाल्यांच्या मोबाइलवर फोन करून आत्याची खुशाली विचारे. काकूंकडे स्वतःचा मोबाइल नव्हता, घरात जुना फोन होता.

एके दिवशी त्या भाचीचा फोन आला. “काका, बाबा दवाखान्यात आहेत. श्वासाला मास्क लावलाय, बोलता येत नाही. पण शुद्धीत आहेत, आणि आत्याला बघायचं म्हणतायत. पाटीवर लिहून दाखवलं. डॉक्टर थोडाच वेळ आत सोडतात. आज दुपारी आत्या कॉम्प्युटरसमोर बसेल का?”

ठिपकेवाले तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला एका ऑफिसात टेबलाखाली आडवे झाले होते. ऑफिसातलं सगळं काम ठप्प, आणि साहेब डोक्याशी उभे. घरचा कॉम्प्युटर तर त्यांनी धूळ झाडायला म्हणून सुटा करून ठेवला होता. केबली टेबलावर वेटोळं घालून पडल्या होत्या. काकू रोज विचारत, ते रोज सांगत, उद्या जोडतो.

निघावं असं त्यांच्या मनात आलं होतं. मग वाटलं, एवढं काय आहे त्यात, फोनवर सांगू. त्यांनी घरी फोन लावला. काकूंनी भावाचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “सांगा. कुठली कुठे घालू?”

“निळ्या तोंडाची घे. स्क्रूवाली. बसली?”

“बसली. दोन जागा आहेत हो तशा.”

“खालच्या जागी. वरची बंद आहे. आता तीन पिनांची काळी, ती विजेची. मग टक्‌ वाजणारी.”

“वाजली.”

“कॅमेऱ्याची चपटी. नाही बसली तर उलटी कर.”

“बसली. बाई गं, पहिल्यांदाच बसली.” काकूंच्या आवाजात एक लहान मुलीसारखा हरिख होता. “आता या दोन काळ्या गोल राहिल्या.”

साहेब वरून म्हणाले, “अहो, आमचं होतंय का आज?”

“त्या मागच्या रंगीत भोकांत घाल,” ठिपकेवाले घाईने म्हणाले. “जी जिथली असते ती तिथेच जाते.” मग “भाची लावेल तेव्हा पडद्यावरचं हिरवं बटण दाब,” म्हणून त्यांनी फोन बंद केला.

साऱ्या गावाला बजावलेला अपवाद बायकोला सांगायचा राहून गेला. ज्या दोन पिना कुठेही जातात त्यांच्यासाठीच त्यांनी ते वाक्य वापरलं. मुद्दाम नव्हे, सवयीने. पण परिणामाला हेतूशी काय देणंघेणं असतं?

संध्याकाळी ते घराकडे निघाले तेव्हा रस्त्यातच भाचीचा पुन्हा फोन आला. त्यांनी स्कूटर कडेला घेतली.

“काका, आत्याचा आवाज आलाच नाही. नुसते ओठ हलत होते. रडत होती, बोलत होती, आणि इकडे काहीच नाही. मी ओरडून सांगितलं तर माझंही तिला ऐकू जाईना. पाटीवर लिहून धरलं तर रडताना तिला वाचता येईना. कानाकडे बोट दाखवलं, हात हलवला, तर तिला वाटलं की ऐकू येतंय. ती अजूनच बोलत सुटली. बाबा नुसते बघत होते तिच्याकडे. मग मला लिहून दाखवलं, ती काय म्हणाली? मी म्हटलं, उद्या परत लावू. बाबांनी मान हलवली. उद्या लावू या ना, काका?”

“लावू,” ठिपकेवाले म्हणाले. “उद्या मी स्वतः घरी असेन.”

घरी पोहोचले तर काकू दारातच उभ्या. कित्येक वर्षांत त्यांनी काकूंचा असा चेहरा पाहिला नव्हता. डोळे सुजलेले आणि तोंडावर हसू.

“सगळं मी जोडलं!” त्यांनी हात धरून नवऱ्याला टेबलाकडे नेलं. “आणि बोलले मी दादाशी. त्याला बोलता येत नाही, पण मान हलवत होता. मी म्हटलं, दादा, तो शब्द मी परत घेते. मला भाऊ आहे. तो तूच आहेस. सगळं सगळं बोलले. छातीवरचा दगड उतरला हो.” मग डोळे पुसत म्हणाल्या, “त्या दोन पिना तेवढ्या सारख्याच होत्या. एकीला गाठ दिसली. म्हटलं, गाठ मारलीय म्हणजे महत्त्वाची असणार. हिरव्यात घातली. हिरवं म्हणजे चालू, नाही का?”

ठिपकेवाल्यांनी डब्याच्या मागे वाकून पाहिलं. गाठीची वायर हिरव्यात होती, बिनगाठीची गुलाबीत. ऐकायच्या जागी बोलायची, बोलायच्या जागी ऐकायची. दोन्ही छान घट्ट बसवलेल्या.

“शाबास,” ते म्हणाले.

त्याच वेळी सांगायला हवं होतं. अगं, तुझा आवाज गेलाच नाही, उद्या परत बोल, एवढीच गोष्ट होती. काकू रडल्या असत्या, चिडल्या असत्या, “तुम्ही दाखवलं असतं तर” असं म्हणाल्या असत्या. या शेवटच्या वाक्यालाच ते भ्यायले, हे त्यांना आतून ठाऊक होतं. स्वतःला मात्र त्यांनी समजावलं की बायको आज सुखात आहे, तिच्या सुखात माती कशाला कालवा. काकू स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी पिना काढून गाठीची गुलाबीत आणि दुसरी हिरव्यात घातली. मनात एक बेत शिजला. उद्या आपण घरी राहायचं, भाचीला फोन लावायला सांगायचा आणि काकूंना म्हणायचं, दादाला तुला परत बघायचंय. ती परत बोलेल, या वेळी ते पोहोचेल, आणि मधलं कुणालाच कळायची गरज नाही. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. रात्री त्यांनी भाचीला कळवूनही ठेवलं, घरच्या फोनवर नको, आधी माझ्या मोबाइलवर लाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दवाखान्यातला कॉम्प्युटर बंद पडला होता आणि पेशंट खोळंबले होते. ठिपकेवाल्यांनी घड्याळ पाहिलं. दुपारपर्यंत परत येऊ असा हिशेब केला. उद्या-उद्या करणाऱ्या माणसाने त्या दिवशी नेमकं आजचं काम मनावर घेतलं, तेही दुसऱ्याचं. दवाखान्यात एकातून दुसरं निघत गेलं. पिशवी बाहेरच्या खोलीत बाकावर होती आणि मोबाइल पिशवीत होता.

दुपार सरल्यावर त्यांनी मोबाइल हातात घेतला. भाचीचे बरेच फोन येऊन गेले होते. त्यांनी उभ्या उभ्या तिला फोन केला.

“आता नका लावू, काका,” ती म्हणाली. “दुपारी शुद्ध गेली. त्याआधी सारखे पडद्याकडे बोट करत होते.”

भाऊ शुद्धीवर आला नाही. बातमी आली तेव्हा काकू रडल्या, पण मोडून पडल्या नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत, “आमचं बोलणं झालं होतं. मी सगळं सांगून टाकलं होतं. हे कॉम्प्युटरमध्ये आहेत म्हणून झालं हो.” ठिपकेवाले मान खाली घालून बसत. लोकांना वाटे, मेव्हण्याचं दुःख आहे. भाचीला त्यांनी आधीच विनवलं होतं, आत्याला यातलं काही सांगू नकोस, तिला सहन होणार नाही. पोरगी शहाणी, तिने ऐकलं.

त्यानंतर ठिपकेवाल्यांचं व्याख्यान बदललं. भाडेकरूचे, यूएसबीचे विनोद आटले. गोल पिनांपाशी आले की मात्र ते गिऱ्हाइकाला तीनतीनदा म्हणायला लावत, हिरव्यात ऐकायची, गुलाबीत बोलायची. जाताना दारातून परत फिरून म्हणत, “या उलट झाल्या तर माणूस समोर दिसतो, पण त्याचं तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमचं त्याला.” लोक म्हणत, काकांचं वय झालं.

काकूंना आता खरंच शिकायचं होतं. एकदा जोडलं होतं म्हणून धीर आला होता. “परवा तुम्ही नव्हतात तर साधा माउस निघाला तेही कळेना. दाखवा की हो.” आणि ठिपकेवाले पूर्वीसारखेच म्हणत, उद्या. पण पूर्वीचा उद्या आळसाचा होता, आताचा भीतीचा. पहिला धडा दिला की दुसरा आपोआप येणार होता, आणि गोल पिनांच्या धड्यात काकूंना सगळं कळणार होतं. दुनियेकडून पाठ करून घेतलेली गोष्ट घरातल्या एका माणसापासून लपवायची, म्हणजे पदरात निखारा बांधून फिरायचं.

शेवटी तो धडा शेजारून आला. शेजारच्या बाई निवृत्त मास्तरीण. त्यांच्याकडे घराला रंग काढला आणि कॉम्प्युटर हलवावा लागला. त्यांनी काकूंना हाक मारली, “या हो जरा, दोघी मिळून जोडू. तुमच्या ह्यांनी ठिपके दिलेत, अवघड नाही.” काकू हौसेने गेल्या. लाल लालात, पिवळी पिवळ्यात, टक्‌ वाजली. गोल पिना हातात आल्या तेव्हा बाई परवचा म्हणावा तशा म्हणाल्या, “हिरव्यात ऐकायची, गुलाबीत बोलायची. तुमच्या ह्यांचा तर जप चालतो हो याचा. उलट झाली तर माणूस दिसतो म्हणे, पण ऐकू येत नाही.”

काकूंच्या हातातली पिन हातातच राहिली.

ठिपकेवाले घरी आले तेव्हा कॉम्प्युटरचा डबा भिंतीपासून ओढलेला होता. काकू त्याच्या पाठीशी जमिनीवर बसल्या होत्या. गाठीची वायर त्यांनी दोन बोटांत धरली होती, उपसली नव्हती.

“ही गुलाबीत आहे,” त्या म्हणाल्या.

ठिपकेवाले पिशवी खांद्यावर तशीच ठेवून उभे राहिले.

“मी हिरव्यात घातली होती. मला पक्कं आठवतं. तुम्हाला सांगितलंही होतं मी.” काकूंनी वर पाहिलं. “कुणी बदलली?”

“मी.”

“कधी?”

“त्याच संध्याकाळी.”

काकूंनी वायरीची गाठ अंगठ्याने चाचपली. मग हळूच म्हणाल्या, “त्या संध्याकाळी दादा शुद्धीत होता.”

“होता.”

“दुसऱ्या दिवशी?”

“दुपारपर्यंत होता.” मग मात्र ठिपकेवाल्यांना थांबता येईना. भाचीचा फोन, पाटीवर लिहिलेलं ‘ती काय म्हणाली’, उद्या परत लावू म्हटल्यावर हललेली मान, डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, बाकावरची पिशवी, पडद्याकडे केलेलं बोट, सगळं त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही. लपवायला आता उरलंही नव्हतं.

काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आधी नवऱ्याकडे आणि मग बंद पडद्याकडे पाहिलं. “म्हणजे त्याच्या लेखी मला भाऊ नाहीच,” त्या म्हणाल्या. “तो तेच ऐकून गेला.”

“तुला रडताना त्याने पाहिलं होतं गं. त्याला कळलं असेल.”

“कळलं असतं तर विचारलं असतं का?”

काकू उठल्या, नवऱ्याच्या खिशातून नेलपॉलिशच्या बाटल्या काढून घेतल्या आणि परत खाली बसल्या. “सांगा आता एकेक,” म्हणाल्या. ठिपकेवाले शेजारी बसले आणि सांगत गेले. निळ्या तोंडाची, विजेची, टक्‌ वाजणारी, चपट्या. काकूंनी प्रत्येकीला आणि तिच्या भोकाला ठिपका दिला, रंग वाळेपर्यंत फुंकर घातली. शेवटी गाठीच्या वायरीला गुलाबी दिला. मग बाटलीचं झाकण लावून त्यांनी ती नवऱ्याच्या हातात दिली.

“माझं चुकलं,” ठिपकेवाले म्हणाले. “मला माफ करशील का?”

काकू पदराने बोटं पुसत उभ्या राहिल्या.

“उद्या विचारा,” त्या म्हणाल्या, आणि दिवा लावायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकू दारातच थांबून होत्या. चहाचा कप पुढे केल्यावरही त्या लगेच वळल्या नाहीत, जरा उभ्या राहिल्या. ठिपकेवाल्यांनी चहा घेतला, पिशवी उचलली. विचारायचं ओठांवर आलं होतं. पण ती नाही म्हणाली तर, असं वाटून त्यांनी ठरवलं, आज नको. त्याला आता बरेच दिवस झाले. काकू अजूनही रोज चहाचा कप दिल्यावर जराशा थांबतात.